नऊ-दहाचा फोन

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फोन सलग आठव्या दिवशी वाजला नाही, आणि मला बरं वाटलं. गेल्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी मनातल्या मनात बऱ्याच तऱ्हांनी फिरवून पाहिलं. लक्षात आलं नाही, असं म्हणून पाहिलं. गडबडीत होते, असंही. पण लक्षात आलं होतं आणि गडबड नव्हती. इंदापूरच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथल्या वाचनालयाचं कुलूप त्या दिवशी मी दोन्ही हातांनी उघडलं. एरवी एका हातात किल्ली, फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला, आणि मागं स्पर्धा परीक्षेची मुलं पाठीला पिशव्या लावून उभी, माझं बोलणं ऐकत. "मोठा सी, तात्या. शिफ्ट दाबून धरा. धरलंत? आता सी." त्यांतली राजनंदिनी नावाची मुलगी एकदा म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या वडलांचा पासवर्ड आम्हाला पण पाठ झालाय." सगळी हसली. मी हसले नव्हते. त्या सोमवारी कुणाला काही ऐकायला मिळालं नाही. तो दिवस मला तासातासानं आठवतो, कारण त्यात काहीच घडलं नाही. एका प्राध्यापकांनी चार वर्षांनी पुस्तक परत आणलं, आत खूण म्हणून कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका होती. डब्यात मेथी होती. संध्याकाळी सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी मीही बसले. आपण माहेरी, माळेगावला, फोन करावा असं एकदाही मनात आलं नाही. त्याच सोमवारी माळेगावात तात्यांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. आईनं ती सोडून परत लावली आणि म्हणाली, "आता काय बारकं पोर झालाय का तुमी?" हे मला नंतर कळलं.

तात्या, माझे वडील, माळेगावच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं होते. रसाचे दोन थेंब काचेवर घ्यायचे, नळीला डोळा लावायचा, आकडा सांगायचा. आकड्याशिवाय बोलणं हे त्यांना थोडं सैल वाटायचं. निवृत्त झाल्यावर माझ्या धाकट्या भावानं, दीपकनं, त्यांना पुण्याहून कॉम्प्युटर आणून दिला. तो सोप्यात, खिडकीशी ठेवला. पासवर्ड मी घातला. मशीनला कुलूप असलंच पाहिजे, तो कुठंही लिहून ठेवायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, अशी सगळी शिस्त मी शिकवली. आणि त्यांच्या डोक्यातून कधी जाऊ नये म्हणून उसाच्या जातीचं नाव घातलं: सीओ ८६०३२. आमच्याकडं कुठल्याही बांधावरच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी हे नाव सांगेल. तात्यांनी तर या उसाचा रस किती हजार वेळा तपासला असेल. आणि तरी रोज सकाळी, आंघोळ आणि चहा झाल्यावर, मी वाचनालयाच्या दारात पोचते ती वेळ बरोबर धरून फोन यायचा. "सरू, त्ये काय गं, परत इचारतंय बग."

ते विसरत नव्हते. हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी स्वरूपा, वाचणारी बाई, माणसं न बोलता काय बोलतात हे ओळखण्याचा मला अभिमान आहे. मला कसं कळलं नसतं. आमच्याकडं लेकीच्या सासरी कामाशिवाय फोन करत नाहीत. माझे आजोबा आत्याच्या गावावरून जाताना तिच्या दारातलं पाणीही न पिता पुढं जायचे आणि वेशीबाहेरच्या हॉटेलात प्यायचे. तात्या शिकले, लॅबमध्ये पांढरा कोट घालून वावरले, पण हे त्यांच्यातून गेलं नाही. लेकीला फोन केला की पलीकडं घरात कुणीतरी विचारणार, काय झालं? आणि "काही नाही, सहज" हे तीन शब्द त्यांना बोलता यायचे नाहीत. त्यांना काम लागायचं. दोन वर्षं पासवर्ड हे ते काम होतं. मी एकेक अक्षर सांगायची, ते एका बोटानं दाबायचे, शेवटी खट्ट आवाज, मग "उगडलं." आणि त्यानंतर तीन-चार मिनिटं: तुमच्याकडं कॅनॉलला पाणी सुटलं का, सासूबाईंचा गुडघा कसा हाय, कालच्यापरीस आज पारा दोन डिग्रीनं खाली हाय. कधी, "आवाज बसलाय तुजा, हळद घे दुधातनं." मी हं म्हणायची. मुलं थांबलेली असायची. कुलूप अडकलेलं असायचं.

त्या सोमवारच्या आठ दिवस आधी, रविवारी, मी माळेगावला गेले होते ती आईनं घातलेलं लोणचं आणायला. जेवणं झाल्यावर तात्या कॉम्प्युटरपुढं बसले आणि माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "हितं हायस तर सांग आता तोंडानं." त्यांच्या चेहऱ्यावर किंचित मजा होती. ती मजा मला त्या दुपारी सहन झाली नाही. का, ते मी सांगू शकत नाही. ऊन होतं, आदल्या दिवशी घरी काहीतरी बोलाचाली झाली होती, ही कारणं कुणालाही असतात. मी म्हटलं, "उठा तात्या. हे रोजचंच काढून टाकू." त्यांनी खुर्ची सोडली आणि मागं उभे राहिले. मी पडद्याखालच्या शोधपट्टीत एक आज्ञा टाईप केली, पडद्यावर खात्यांची खिडकी उघडली. वापरणाऱ्यानं नाव आणि पासवर्ड दिलाच पाहिजे, असं एक वाक्य असतं आणि त्यापुढं चौकटीत बरोबरची खूण असते. ती खूण काढली की मशीन चालू केल्यावर थेट आत जातं, कुणालाही काही विचारत नाही.

"म्हंजे कोनबी आत जाणार?"

"घरात आहे कोण, तात्या? तुम्ही आणि आई. आई तर त्याला हात लावत नाही."

"कारखान्याच्या गेटवर एकतीस वर्सं नोकरी केलेल्याला बी इचारत्यात. इचारावं माणसानं." आणि मग, आवाज जरा खाली आणून, "ऱ्हाऊ दे की गं. सकाळचं तेवढंच काम हाय."

मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं नाही. खूण काढताना मशीन एकदा शेवटचं विचारतं, पासवर्ड द्या, पुन्हा द्या. मी दोनदा दिला. मग मला आठवलं की नुसतं एवढं करून भागत नाही. मशीन थोडा वेळ तसंच ठेवलं की झोपतं, आणि जागं केल्यावर परत विचारतं. म्हणजे चहाला उठून आले की तात्यांना फोन करायला पुन्हा कारण मिळालं असतं. मी दुसरीकडं जाऊन तिथलंही विचारणं बंद केलं. एकही फट ठेवली नाही. बंद करून चालू करून दाखवलं. पडदा निळा झाला आणि त्यांचा पारा-पावसाच्या नोंदींचा फोल्डर समोर आला.

"झालं? आता इचारणार न्हाय?"

"नाही."

"कदीच?"

"कधीच नाही," मी म्हटलं, आणि लोणच्याच्या बरणीला फडकं बांधायला आत गेले.

बटणं चुकलेल्या त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी साडेदहाला फोन आला तो दीपकचा, पुण्याहून. आईनं त्याला कळवलं होतं, त्यानं शेजारच्यांना पाठवलं, शेजाऱ्यांनी गाडी काढून तात्यांना बारामतीत दवाखान्यात नेलं होतं. आई दहाच्या सुमारास परड्यातून आत आली तर तात्या खुर्चीत, पडदा चालू, उजवा हात मांडीवर उलटा पडलेला. विजयसिंहनी, माझ्या नवऱ्यानं, दुकान तसंच टाकून गाडी काढली. कळस गावाच्या अलीकडं आमच्यापुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडता येत नव्हतं, उसाची पाती आमच्या काचेवर येत होती, आणि तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला. डॉक्टर तरुण असावेत. आवाज घाईचा, पण नीट होता. "मॅडम, तुमच्या आईंना फारसं सांगता येत नाहीये. त्या म्हणतात, वडील रोज सकाळी नऊ-दहाला तुमच्याशी फोनवर बोलतात. आज बोलले? बोलणं स्पष्ट होतं?"

मी "हो" म्हटलं.

"हो म्हणजे? शब्द अडखळत नव्हते? नेहमीसारखं?"

"नेहमीसारखं."

ते "ठीक आहे, म्हणजे वेळेत आहोत" म्हणाले आणि फोन ठेवला. मी खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळच नव्हता. आठ दिवसांपूर्वीपर्यंत खरं असलेलं उत्तर, दोन वर्षं रोज खरं असलेलं, तोंडात तयार होतं आणि बाहेर पडलं. पण हेही पुरतं खरं नाही. फोन ठेवल्यावर तो नंबर माझ्यासमोर होता. लावता आला असता. ट्रॅक्टर अजून पुढंच होता, त्याला बाजू मिळायला दहा मिनिटं लागली, तेवढा वेळ फोन माझ्या हातात होता. पुन्हा लावून काय म्हणायचं होतं? की आज बोललो नाही. कालही नाही. मग कधी बोललात? आणि शेजारी विजयसिंह होते, ते गाडी चालवताना मान न वळवता ऐकत होते, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट बोललेत ना सकाळी, मग काही होत नाही." मी फोन पर्समध्ये टाकला.

त्या "हो"चा अर्थ मला संध्याकाळी कळला. अर्धांगाच्या झटक्यात मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून साडेचार तासांच्या आत ते द्यायचं असतं. त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांनी मेंदूचा फोटो काढला, तो बरा होता. वेळ माझ्याकडून घेतली, आणि बाराच्या आधी इंजेक्शन दिलं. रात्री मेंदूत रक्तस्राव झाला आणि बुधवारी उजाडता उजाडता तात्या गेले. डॉक्टर दीपकला म्हणाले, सगळं वेळेत करूनही शंभरातल्या काही जणांना असं होतं, आपल्या हातात नसतं. दीपकनं त्यांचे हात धरले. मी भिंतीशी उभी होते. नंतर मी वाचलं, अर्थातच वाचलं; ज्याला वाचायची सवय आहे त्याला अशा वेळी कुणी अडवू शकत नाही. वाचून काही ठरलं नाही. मंगळवारी सकाळी सातला चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला होता, आईला वाटलं साबणाचा हात असेल. सोमवारी बटणं. म्हणजे कदाचित सुरुवात सोमवारीच झाली असेल. कदाचित नसेलही, आणि मंगळवारी साडेनऊपर्यंत ते ठणठणीत असतील, आणि माझं खोटं योगायोगानं बरोबर निघालं असेल. हे कळण्याची एकच जागा होती. रोज सकाळी एक माणूस शिफ्टची कळ एका हातानं दाबून धरून दुसऱ्या हातानं सी दाबायचा, आणि ते करताना लेकीशी बोलायचा. हात चालतोय का, जीभ वळतेय का, दोन्ही कळायचं. ती जागा मी आठ दिवस आधी बंद केली होती.

काल तेरावं झालं. आज दुपारी दीपक पुण्याला परत जायची बॅग भरताना म्हणाला, "ताई, त्या मशीनला पासवर्ड लावून टाक. तात्यांचे पेन्शनचे, घराचे कागद आहेत त्यात, आणि आल्यागेल्याला बसायला तीच खुर्ची सापडतेय. तूच काढलेला, तूच लाव." त्याला ते माहीत होतं, तात्यांनी त्याला सांगितलं होतं, पण त्या मशीनचा आणि माझ्या फोनचा काही संबंध आहे हे तात्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले. बटण दाबलं. त्या रविवारनंतर मी पहिल्यांदाच त्याला हात लावत होते. ते थेट उघडलं. कोण आहेस, असं विचारलं नाही. तात्या गेले, हे मला कळलं ते तेव्हा. तेरा दिवस विधी चालले होते, पिंड, पाणी, माणसं, त्यांत नाही. त्यांचे फोल्डर, त्यांनी मोठा करून ठेवलेला बाण, सगळं माझ्यापुढं आलं, जणू तात्या म्हणून मलाच आत घेतलं होतं.

मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं याची नोंद ते स्वतःच आत ठेवत असतं. ती पाहायची नाही असं मी ठरवलं आणि पाहिली. मी पासवर्ड काढला त्यानंतरचा सोमवार, नऊ वाजून चार मिनिटं. मंगळवार, नऊ-सहा. बुधवार, नऊ-एकतीस, आणि सात मिनिटांत बंद. त्यानंतर गुरुवार नाही, शुक्रवार नाही, पाच दिवस काही नाही. त्या फोल्डरमधल्या पारा-पावसाच्या वहीतही, जी त्यांनी एकतीस वर्षांच्या सवयीनं एक दिवस चुकवली नव्हती, बुधवारनंतर रकाने मोकळे. मग शेवटचा मंगळवार, आठ वाजून बावन्न मिनिटं. त्या दिवशी ते पुन्हा त्याच्यापुढं का बसले, ते मला कधीच कळणार नाही. मी ती चौकट शोधली, बरोबरची खूण पुन्हा घातली, मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावर तात्यांचं नाव आलं, रघुनाथ, आणि त्याखाली मोकळी पट्टी, त्यात उभी रेघ उघडझाप करणारी. लावून झालं. दीपकला "झालं" म्हणून सांगायचं होतं. तो आत होता. मी बसून राहिले.

माझ्या मागंच, सोप्यात, सतरंजीवर आई आणि भागूआत्या. आत्या लोणी भापकर गावची, तात्यांची धाकटी बहीण, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून ती तेराव्याला येऊ शकली नव्हती, आज आली होती. आई तिला सांगत होती. गेले पंधरा दिवस आई हे सगळ्यांना सांगतेय. दवाखान्यात ती डॉक्टरला म्हणाली होती, "रोज बोलत्यात लेकीशी, आजबी बोललं आसतील." माझ्या "हो"नंतर ते "बोलले" झालं. दहाव्याला आलेल्या बायकांना सांगताना त्यात हसणं आलं. आज त्यात आणखी भर पडली होती.

"जाताना काय तरास न्हाय झाला गं भागूबाई. सकाळी लेकीशी बोलले, आगदी पोटभर. हसले. मी परड्यात हुते, मला हितवर आयकू येत हुतं. फोन ठिवला आणि मग झालं जे व्हायचं ते. लेकीच्या बोलण्यावर गेले बघ."

आईला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही, आणि परडं इथून चाळीस पावलांवर आहे. ती खोटं बोलत नव्हती. तिला ते ऐकू आलेलं होतं. मला ते रोज दिसत होतं, ती बोलताना तिचा चेहरा कसा सैल होतो, सांगून झाल्यावर तिला चहा कसा घेता येतो. हे एवढं तिच्याकडून काढून घ्यायचं नाही, असं मी पहिल्या दिवसापासून स्वतःला सांगत आले होते, आणि ते मोठं समजूतदारपणाचं वाटायचं. त्यात माझी किती सोय होती तेही मला दिसत होतं.

"मरण चांगलं आलं म्हणायचं माज्या भावाला," आत्या म्हणाली. मग तिनं पदरानं नाक पुसलं, पाय कसाबसा सरळ केला आणि मला हाक मारली. "सरू, आगं पाठ करून काय बसलीस. हिकडं बघ. तुजी आई सांगती ते लांबनं आयकल्यालं. तू सांग की तुज्या तोंडानं. काय म्हणाला गं आबा शेवटचं?" ती तात्यांना आबा म्हणायची, लहानपणापासून.

"सांग की गं," आई म्हणाली. "मला बी कदी सांगितलं न्हाईस. मी इचारलं न्हाय, म्हणलं, तुजं तुला आसू दे."

मी खुर्ची वळवली. आई भिंतीला टेकून बसली होती, बांगड्या नसलेले हात गुडघ्यांवर. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, कुणीतरी डबा उघडून खाऊ देणार आहे अशा. एक वाक्य तयार होतं. आवाज बसलाय तुझा, हळद घे. ते खरोखर त्यांचंच होतं, त्यांच्याच आवाजातलं, फक्त दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचं. सांगितलं असतं तर आत्या रडली असती आणि आईनं ते पुढच्या बाईला सांगितलं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं. आतापर्यंत मी फक्त एक "हो" म्हटलं होतं आणि बाकी गप्प राहिले होते. आता मला तात्यांच्या तोंडी शब्द घालायचे होते. मी तोंड उघडलं, ते वाक्य जिभेवर आलं, आणि माझ्याच्यानं होईना.

"आत्या, त्या दिवशी तात्यांचा फोन आला नव्हता."

"आसं काय करतीस," आई म्हणाली. ती हसल्यासारखं करत होती. "डॉक्टरला तूच सांगितलंस की. नीट बोलले म्हणून."

"खोटं सांगितलं, आई. त्या दिवशी आला नव्हता, आदल्या दिवशी नव्हता, त्याच्या आधी आठवडाभर नव्हता. त्यांना बोलता येत होतं का नव्हतं, मला माहीत नाही. वेळेवर दिलं का वेळ गेल्यावर दिलं ते इंजेक्शन, तेही कुणाला माहीत नाही, मी सांगितली ती वेळ धरून दिलं त्यांनी."

आतून दीपक दारात आला होता, हातात घडी घातलेला शर्ट. आईचा हात गुडघ्यावरून खाली सतरंजीवर गेला आणि तिथला दोरा चाचपायला लागला. मला थांबता आलं असतं. एवढं पुरेसं होतं, आणि त्यात घाईत, भीतीपोटी खोटं बोललेली, समजून घेण्याजोगी बाई अजून शिल्लक होती.

"आणि तात्या रोज फोन करून मशीनचा पासवर्ड विचारायचे, पण ते तो विसरायचे नाहीत, आई. त्यांना माझ्याशी बोलायचं असायचं. मला ते माहीत होतं. त्यांचा फोन येऊ नये, म्हणूनच मी तो पासवर्ड काढला."